डिझाइन इंजिनिअर आणि कंपनीचं उद्दिष्ट: या चुका टाळा

वर्षाच्या सुरुवातीला मीटिंगमध्ये जाहीर होतं, "यंदा नफा वाढवायचाय." डिझाइन इंजिनिअर ते ऐकतो आणि जागेवर येऊन कालचंच ड्रॉइंग पुढे सुरू करतो. दुसरं काय करणार? नफ्याच्या त्या वाक्यातून पार्टची जाडी किती ठेवायची हे कळत नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: उद्दिष्ट पार्टपर्यंत उतरवलंच जात नाही.

टोयोटाने 1960 च्या दशकात रुळवलेलं टार्गेट कॉस्टिंग इथे कामी येतं. ग्राहक देईल ती किंमत आधी धरायची, त्यातून हवा तेवढा नफा वजा करायचा आणि उरलेली रक्कम असेंब्लीपासून एकेका पार्टपर्यंत वाटून द्यायची. पार्टचा आकडा समोर असला की इंजिनिअर स्वतःच प्रश्न विचारू लागतो.

एका कव्हरच्या ड्रॉइंगवर मी सरसकट ±0.02 मिमी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पाहिला आहे. कारण विचारलं, तर "जुन्या ड्रॉइंगवर तसाच होता." खरी गरज फक्त बेअरिंग बसतं त्या बोअरला, म्हणजे गोल भोकाला होती, बाकीच्या मापांना ±0.2 सहज चाललं असतं. मशीनिंगचा जादा वेळ, तपासणी, रिजेक्शन, सगळं फुकट. ते ड्रॉइंग काढणाऱ्या मुलाला दोष कसा देणार? घट्ट टॉलरन्सला किती पैसे पडतात, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. कॉस्टिंग शीट डिझाइनवाल्यांपासून लपवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी चूक म्हणजे फक्त बीओएमचा, म्हणजे पार्ट आणि मटेरियलच्या यादीचा खर्च मोजणं. स्क्रू काढून झाकण चिकटवलं की बीओएम स्वस्त दिसतो. पुढे आतला छोटा पार्ट बिघडला की अख्खं हाउसिंग (बाहेरचं कवच) बदलावं लागतं आणि तो खर्च वॉरंटीच्या खात्यात पडतो, डिझाइनला पत्ताही लागत नाही. दोन्ही खर्च एकाच तक्त्यात मांडा. परत आलेले पार्ट डिझाइनच्या टेबलावर येऊ द्या.

टूलिंगची (पार्ट बनवायच्या साच्यांची) ऑर्डर गेल्यावर उद्दिष्ट बदलणं तर टाळाच. तरीही बदलाची शक्यता वाटत असेल, तर साच्यात त्या जागी स्टील जास्त ठेवा. स्टील नंतर काढता येतं; भरायचं झालं तर वेल्डिंग करून पुन्हा मशीनिंग करावं लागतं.

गाडी रुळावर आहे का, हे पाहायला पुढच्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये कुठल्याही एका फीचरवर बोट ठेवून विचारा, "हे कशासाठी?" उत्तर "वरून आलंय" असं असेल, तर त्याच पार्टपासून कामाला लागा.