झाडं घेण्याआधी बारा चौकटी आखा

रोपवाटिकेत त्या दिवशी जे फुललेलं दिसतं तेच आपण उचलून आणतो. मग बाग महिनाभर डोळ्यांत भरते आणि उरलेलं वर्ष नुसता हिरवा पाला.

जाण्याआधी कागदावर १२ महिन्यांच्या १२ चौकटी आखा.

१. मनातल्या झाडांचा बहर भरा. बहावा एप्रिल-मेमध्ये, पांगारा त्याच्याआधी, जांभळा कांचन पावसाळा सरल्यावर.

२. मग फुलांपलीकडचं लिहा, खरी गंमत इथेच आहे. सीता अशोकाची कोवळी पालवी तांबूस असते, मऊ झुपक्यांनी खाली लोंबते. बहाव्याच्या हातभर लांब, काळपट शेंगा फुलं गळल्यावरही कित्येक महिने झाडावर दिसतात. तामणाची पानं गळण्याआधी लालसर होतात.

३. दोन-तीन चौकटी भरणारं झाड आधी घ्या. एकच भरणारं, कितीही देखणं असलं तरी, नंतर.

४. एक झाड सदाहरित हवंच. मी बकुळ सुचवेन.

जपायचं एवढंच, की रोपाच्या उंचीवर जाऊ नका. पूर्ण वाढल्यावर घेर किती होईल ते विचारा आणि भिंतीपासून तेवढं अंतर सोडूनच खड्डा घ्या.