तालुक्याचे बदलते भू-आच्छादन उपग्रह चित्रांवरून मोजण्यापूर्वी : तयारीची यादी

चित्रे उतरवून घेण्याआधी कागदावर प्रश्न लिहावा, आणि तो एका वाक्यात मावला पाहिजे. ‘आमच्या तालुक्यात काय बदलले’ हा प्रश्न नव्हे. ‘वरूड तालुक्यात २००५ ते २०२४ या काळात संत्राबागांखालील क्षेत्र किती कमी-अधिक झाले’, ‘वणी परिसरात खुल्या कोळसा खाणी आणि त्यांच्या मातीचे ढीग शेतजमिनीवर किती पसरले’, ‘भंडारा जिल्ह्यातील मामा (माजी मालगुजारी) तलावांत फेब्रुवारीत उरणारे पाणी गेल्या दहा वर्षांत किती बदलले’ हे प्रश्न आहेत, कारण जागा, काळ आणि शोधायची वस्तू ही तिन्ही त्यांत ठरलेली आहेत.

प्रश्न ठरला की त्यातील सर्वांत लहान वस्तू केवढी आहे ते पाहावे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या दृश्य आणि निकट अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या प्रकाशाच्या) पट्ट्यांचा एक पिक्सेल (चित्रातला सर्वांत लहान चौकोन) १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे बरोबर एक आर असतो, सातबाऱ्यावर हेक्टरनंतर लिहितात तोच आर. अमेरिकेच्या लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे नऊ आर. दहा-पंधरा आरची एखादी बोडी (शेतातले लहान तळे) लँडसॅटवर जेमतेम एक-दीड पिक्सेल भरते आणि तीही काठावरच्या धानात मिसळलेली असते. अशा वस्तूचा हिशेब त्या चित्रावर मांडू नये.

त्यानंतर कोणत्या वर्षी कोणता उपग्रह हाताशी होता याचे टाचण करावे. सेंटिनेल-२ मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ साली अवकाशात गेला, त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी लँडसॅट किंवा आपल्या रिसोर्ससॅटचा लिस-३ संवेदक, ज्याचा पिक्सेल २३.५ मीटरचा आहे, यांवरच भिस्त ठेवावी लागते. लँडसॅट-७ ची चित्रे ३१ मे २००३ नंतर पट्टेदार झाली, कारण त्या दिवशी त्याची ओळी जुळवणारी यंत्रणा बंद पडली. २००३ ते २०११ साठी लँडसॅट-५ घ्यावा, २०१३ पासून लँडसॅट-८. मधले २०१२ हे वर्ष अडचणीचे आहे. त्या वर्षी लँडसॅटमध्ये पट्टेदार चित्रांखेरीज फारसे काही मिळत नाही, म्हणून लिस-३ वापरावा किंवा सरळ २०११ अथवा २०१३ हे वर्ष धरावे.

यादीतील सर्वांत महत्त्वाची बाब मात्र हंगामाची आहे, आणि विदर्भात काम करणाऱ्याने तिच्यावर सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरच्या मध्यावरील चित्रात सोयाबीन काढलेले वावर उघडे काळे दिसते, तर धुऱ्यापलीकडची (बांधापलीकडची) पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर हिरवीगार असते. डिसेंबरअखेरीस त्याच सोयाबीनच्या वावरात हरभरा उभा असतो आणि तूर वाळू लागलेली असते. एका वर्षाचे चित्र ऑक्टोबरचे आणि दुसऱ्याचे डिसेंबरचे घेतले, तर संगणक हजारो हेक्टर ‘बदल’ दाखवील आणि त्यातला एकही खरा नसेल. जंगलाचेही तसेच आहे. मेळघाटातला सागवान पानझडीचा आहे; नोव्हेंबरात दाट दिसणारा उतार एप्रिलमध्ये माळरान वाटतो, आणि जंगलतोड झाल्याचा निष्कर्ष काढण्याची घाई तिथेच होते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ सोडूनच द्यावे लागतात. धानपट्ट्यातील रोवणीचा काळ पाहणे भागच असेल, तर ढगांतून पाहू शकणाऱ्या सेंटिनेल-१ रडारची चित्रे घ्यावीत, पण ती वाचण्याचा सराव वेगळा लागतो.

माझा कल प्रत्येक वर्षासाठी दोन चित्रे घेण्याकडे आहे : एक नोव्हेंबर-अखेरचे आणि एक एप्रिलचे. ज्या पानझडीमुळे जंगलाची फसगत होते, तीच संत्र्यासाठी उपयोगी पडते. संत्रा सदाहरित असल्याने एप्रिलमध्ये, जेव्हा कोरडवाहू वावरे उघडी पडलेली आणि सागवान निष्पर्ण झालेला असतो, तेव्हा वरूड-मोर्शीकडच्या बागा ठळक उठून दिसतात. तिथे ओलिताच्या उन्हाळी पिकांशी, आणि पूर्वेकडे कालव्याच्या पाण्यावरील उन्हाळी धानाशी, हिरव्याची सरमिसळ होऊ शकते. नोव्हेंबरचे चित्र जोडीला असले की ती बरीच सुटते. नव्याने लावलेली बाग मात्र पहिली काही वर्षे दोन्ही चित्रांत आंतरपिकासारखीच दिसते, हे आधीच मान्य करून टाकावे.

दोन टोकांच्या वर्षांचा पाऊसही यादीत हवा. अवर्षणाच्या वर्षातील तलाव भरघोस पावसाच्या वर्षातील तलावाशी ताडून पाहिला, तर मोजला जातो तो पाऊस. म्हणून मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळवून दोन्ही टोकांना सारख्या पावसाची वर्षे निवडावीत, किंवा प्रत्येक टोकाला लागोपाठची दोन-तीन वर्षे एकत्र पाहावीत.

आच्छादनाचे वर्ग (पाणी, शेती, जंगल असे प्रत्येक पिक्सेलला द्यायचे गट) ठरवताना काळ्या मातीचा वेगळा विचार करावा लागतो. नांगरून ओलवलेली कपाशीची काळी जमीन, मार्चमधील वणव्याने करपलेली जंगलाची भुई, खाणीजवळची कोळशाची धूळ आणि उथळ पाणी ही चारही चित्रात काळपटच दिसतात. पाण्याचे लघुतरंग अवरक्त पट्ट्यातील (निकट अवरक्ताच्याही पलीकडच्या) परावर्तन जवळजवळ शून्यावर येते. जळालेल्या भुईचे निकट अवरक्त घसरते, पण लघुतरंग अवरक्त तुलनेने चढलेले राहते. ओली जमीन पंधरवड्यात वाळून उजळते, म्हणून शंका आलेल्या जागी पुढच्या तारखेचे चित्र उघडून पाहावे. उलट बाजूला कवेलूच्या छपरांचे जुने गावठाण आणि मुरमाड पड ही एकमेकांसारखी दिसतात. तिथे वर्गीकरणाच्या सूत्रावर अवलंबून न राहता गावठाणाच्या सीमा हाताने आखून घेणे शहाणपणाचे.

वर्गांची संख्या सहा-सातच्या पुढे नेऊ नये, आणि प्रत्येक वर्गाची व्याख्या आधी लिहावी. उपग्रहाला दिसते ते आच्छादन. जमिनीचा वापर आणि महसुली नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्व विदर्भात अभिलेखात ‘झुडपी जंगल’ असलेल्या जमिनीवर प्रत्यक्षात शेती, शाळा, वस्ती किंवा ओसाड गायरानही असू शकते, म्हणून त्या नावाचा वर्ग नकाशात ठेवू नये. ‘झुडपांचे आच्छादन’ असे म्हणावे आणि नोंदीची सीमा वेगळ्या थरात ठेवावी. ‘जंगल’ या वर्गाचीही तीच दक्षता घ्यावी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत १ हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर १० टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असेल, तर मालकी कोणाची आणि झाडे कोणती हे न पाहता ती जमीन वनाच्छादनात धरली जाते, म्हणजे मोठी संत्राबागही त्यात येऊ शकते. आपण बाग वेगळी काढली असेल, तर आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवताना हे नमूद केलेच पाहिजे.

तयार नकाशे संदर्भासाठी जमवावेत, वजाबाकीसाठी नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे १:५०,००० प्रमाणावरील भू-वापर नकाशे २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ या आवर्तनांचे आहेत, आणि गावांच्या सीमांसाठी नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे विचारणा करता येते. युरोपीय अंतराळ संस्थेचे वर्ल्डकव्हर नकाशे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचे आहेत, पण ते वेगवेगळ्या गणनपद्धतींनी केलेले असल्याने एकातून दुसरा वजा केला, तर पद्धतीतला फरक जमिनीतला बदल म्हणून पुढे येतो.

चित्रांच्या तांत्रिक तपासणीत तीन गोष्टी निसटतात. पहिली, सेंटिनेल-२ च्या पिक्सेल-मूल्यांत २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत १,००० ची भर असते. जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना करण्याआधी ती वजा केली नाही, तर त्या मूल्यांवरून काढलेले हिरवेपणाचे, पाण्याचे निर्देशांक सरसकट सरकतात. गूगलच्या अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेतील ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह घेतल्यास हे काम आपोआप होते. दुसरी, ७८ अंश पूर्व रेखावृत्त विदर्भाच्या मधून जाते आणि त्याच्या पश्चिमेस यूटीएम या नकाशा-प्रक्षेप पद्धतीचा ४३ वा, पूर्वेस ४४ वा विभाग लागतो. यवतमाळ जिल्ह्यात तर पुसद, दिग्रस, दारव्हा एका विभागात आणि यवतमाळ, राळेगाव, वणी दुसऱ्यात पडतात. संपूर्ण जिल्हा एकाच प्रक्षेपात, शक्यतो समक्षेत्र (क्षेत्रफळ न बिघडवणाऱ्या) प्रक्षेपात, आणूनच हेक्टर मोजावेत. तिसरी, दोन तारखांची चित्रे एकमेकांवर बसतात की नाही हे धरणाच्या भिंतीचे टोक, रेल्वे फाटक, कालव्याचे वळण अशा दहा-बारा ठिकाणी पडताळावे. अर्ध्या पिक्सेलचा सरक असला तरी प्रत्येक नाल्याकाठी आणि पांदणीकाठी बदलाची बारीक रेघ उमटते.

आज्ञावलीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. क्यूजीआयएस मोफत आहे, आणि इंटरनेट बरे असेल तर अर्थ इंजिन सोयीचे पडते.

गावात जाण्याची तयारी मात्र सावकाश करावी. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात जायचे असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी हवी. गावात कोतवाल किंवा पोलीस पाटलांना आदल्या दिवशी कळवावे, कारण मोबाईल हातात धरून वावरातून फिरणारा अनोळखी माणूस दिसला की भूसंपादनाची मोजणी आली असाच समज होतो, आणि तो समज अकारण नसतो. नोंदीचा बिंदू वावराच्या मध्यात घ्यावा. लँडसॅटसाठी चोहीकडे किमान ९० मीटरपर्यंत एकच आच्छादन असेल असे ठिकाण शोधावे. प्रत्येक ठिकाणी चार दिशांचे फोटो, तारीख, उभे पीक, आधीचे पीक आणि ओलित आहे की कोरडवाहू एवढे लिहावे. ‘शेती’ एवढीच नोंद पुढे उपयोगी पडत नाही. ‘तूर, शेंगा भरलेल्या, ओळींत मधे सोयाबीनची धसकटे’ ही पडते. जुन्या वर्षाची जागेवर पडताळणी शक्य नसल्याने गूगल अर्थमधील जुनी चित्रे, सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे आणि पीक पाहणीच्या नोंदी यांचा आधार घ्यावा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासूनची आहे, त्यामागे हस्तलिखित गाव नमुना १२ पाहावा लागतो.

तपासणीचे बिंदू संगणकाला वर्गीकरण शिकवण्यासाठी वापरलेल्या बिंदूंपेक्षा वेगळे आणि यादृच्छिक निवडलेले असावेत, आणि ‘बदल नाही’ म्हटलेल्या भागात त्यांची टंचाई करू नये. समजा तालुका १ लाख हेक्टरचा आहे आणि नकाशा २,००० हेक्टर बदल दाखवतो. बदललेल्या भागातील १०० बिंदूंपैकी ७० खरे निघाले, तर १,४०० हेक्टर टिकतात. न बदललेल्या ९८,००० हेक्टरांत १०० पैकी फक्त २ बिंदू बदललेले आढळले, तरी १,९६० हेक्टरांची भर पडते आणि अंदाज ३,३६० हेक्टरांवर जातो. शिवाय एवढ्या बिंदूंवर ९५ टक्के खात्रीची कक्षा दोन्ही बाजूंना सुमारे २,७०० हेक्टर इतकी रुंद राहते. न बदललेल्या भागात ४०० बिंदू घेतले तर ती जवळपास निम्मी होते, म्हणून चहापाण्याचा खर्च धरून तेवढ्या बिंदूंचे अंदाजपत्रक सुरुवातीलाच करावे. अहवालात नकाशावरील पिक्सेलांची बेरीज न देता हा सुधारित आकडा आणि त्याची कक्षा द्यावी.

गावात दाखवायची प्रत वेगळी छापावी. तिच्यावर रस्ते, नाले, देऊळ, शाळा ही ओळखीची ठिकाणे ठसठशीत असावीत, सूची मराठीत असावी, आणि गट क्रमांकांच्या सीमा टाकू नयेत. नऊ आरच्या पिक्सेलवरून धुऱ्याची जागा ठरत नाही, पण कागदावर रेघ दिसली की भाऊबंदकीत तिचा पुरावा केला जातो.