आमदाराची निवडणूक कारकीर्द अचूक कशी लिहावी

शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेवर निवडून आले, हे महाराष्ट्रात राजकारण वाचणाऱ्या बहुतेकांना पाठ असतं. पण निवडणूक आयोगाचे सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल उघडून १९६२ ते २०१४ पर्यंतचे त्यांचे विजय मोजले, तर ते दहाच भरतात. उरलेला एक विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे, आणि पोटनिवडणुकांचे निकाल त्या अहवालांत नसतात. आमदारांविषयीच्या लेखांत, ज्ञानकोशातल्या नोंदींत, श्रद्धांजलीच्या मजकुरात चुका होतात त्या बहुतेक अशाच जागी. ऐकीव आकडा बरोबर असला तरी तो मांडणाऱ्याला जुळवून दाखवता आला पाहिजे. म्हणून इथे सांगोल्याचंच उदाहरण घेऊन कामाची पद्धत देत आहोत.

आधी रिकामा तक्ता, मग माहिती

मिळेल ती माहिती मिळेल तशी लिहीत गेलं की पराभव आणि मधली रिकामी वर्षं हमखास गळतात. त्यामुळे आधी सगळ्या निवडणुकांच्या ओळी आखून घ्या. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुका अशा: १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४. एकूण १४. या यादीत १९७७ नाही. त्या वर्षी लोकसभा झाली. विधानसभेसाठी मतदान १९७८ च्या फेब्रुवारीत झालं. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सभागृहाची मुदत सहा वर्षांवर नेली होती, म्हणून १९७२ ची विधानसभा पाच वर्षांत संपली नाही. "१९७७ साली आमदार झाले" असं वाक्य दिसलं की थांबून तपासा.

प्रत्येक ओळीला हे रकाने ठेवा: वर्ष, सार्वत्रिक की पोटनिवडणूक, मतदारसंघाचं नाव आणि क्रमांक, कोणत्या पक्षाच्या तिकिटावर, मिळालेली मतं, वैध मतांतला टक्का, निकाल, जवळचा प्रतिस्पर्धी आणि त्याचा पक्ष, तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार, मतांचा फरक, आणि शेवटी शेरा. त्याशिवाय एक रकाना माहिती कुठून घेतली त्यासाठी. हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण दोन आकडे जुळत नाहीत तेव्हा तोच उपयोगी पडतो. ज्या निवडणुकीला उमेदवार उभाच नव्हता, ती ओळही काढून टाकू नका. "लढवली नाही" असं लिहा.

सांगोल्याची ओळ न् ओळ भरली की चित्र असं दिसतं. १९६२ आणि १९६७ विजय. १९७२ पराभव. १९७४ पोटनिवडणुकीत विजय. १९७८, १९८०, १९८५, १९९० विजय. १९९५ पराभव, काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या १९२ मतांनी. १९९९, २००४, २००९, २०१४ विजय. २०१९ लढवली नाही. जिंकलेल्या ओळी अकरा, हरलेल्या दोन. पक्ष सगळीकडे एकच, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप).

नावाने शोधू नका, मतदारसंघाने शोधा

आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल मिळतो. त्यात सुरुवातीला पक्षनिहाय गोषवारा आणि मागे मतदारसंघनिहाय सविस्तर निकाल असतो. आपल्याला मागचा भाग हवा. नाव टाकून शोधलं तर अर्धे निकाल हाती लागत नाहीत, कारण इंग्रजीत नाव लिहिण्याची पद्धत दर वेळी बदलते. कधी आडनाव आधी, कधी वडिलांचं नाव पूर्ण, कधी फक्त आद्याक्षर, कधी गणपतराव तर कधी गणपत. मतदारसंघाच्या नावाचंही तेच: सांगोला आणि सांगोले ही दोन्ही रूपं शोधा. पक्षाच्या लघुरूपाकडेही लक्ष असू द्या. शेकापसाठी जुन्या अहवालांत पीडब्ल्यूपी, नव्यांत पीडब्ल्यूपीआय येतं; हे दोन वेगळे पक्ष नव्हेत.

उलटी चूकही होते. २०१९ च्या आणि २०२४ च्या निकालातही सांगोल्यात शेकापचे देशमुख दिसतात, पण ते गणपतरावांचे नातू: २०१९ ला डॉ. अनिकेत, २०२४ ला डॉ. बाबासाहेब. आडनाव, पक्ष, मतदारसंघ तिन्ही जुळले तरी पूर्ण नाव वाचल्याशिवाय ओळ भरू नये.

१९६० च्या आधीची कारकीर्द असेल तर शोधण्याची जागाच बदलते. १९५२ ला विदर्भ मध्य प्रदेशात होता, मराठवाडा हैदराबाद राज्यात. १९५७ च्या निवडणुकीपर्यंत हे सगळे भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य होते. तिथे मतदाराला दोन मतं होती आणि दोन उमेदवार निवडून येत, त्यामुळे त्या मतांची टक्केवारी नंतरच्या टक्केवारीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली.

पोटनिवडणूक कशी सापडते

खूण सोपी आहे: सार्वत्रिक निवडणुकीत पराभव दिसतो आणि तरी त्याच विधानसभेच्या सदस्य यादीत नाव असतं. अशी विसंगती दिसली की मधल्या काळात जागा कशी सुटली ते शोधा. निधन, राजीनामा, खासदार झाल्यामुळे सोडलेली जागा, अपात्रता किंवा न्यायालयाने रद्द केलेली निवड, यांपैकी एक कारण असतंच. अलीकडच्या पोटनिवडणुका आयोगाच्या वेगळ्या पानावर मिळतात. जुन्यांसाठी विधिमंडळ सचिवालयाच्या सदस्य परिचयाच्या पुस्तिका, राजपत्रातली अधिसूचना आणि त्या आठवड्याचं स्थानिक वृत्तपत्र, याच क्रमाने जावं. आजच्या कायद्यात जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, मात्र उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल तर नाही. ही कालमर्यादा १९९६ ची आहे. त्याआधीच्या वर्षांना ती लावून अंदाज बांधू नका.

विधानसभेचा क्रमांक लिहितानाही जपा. पहिली महाराष्ट्र विधानसभा १९६० ते १९६२ ची धरतात. १९५७ ला मुंबई राज्यासाठी निवडून आलेले सदस्यच तीत होते. म्हणून १९६२ ची दुसरी, १९७२ ची चौथी आणि २०१९ ची चौदावी.

"सलग" आणि "सर्वाधिक" या दोन शब्दांवर संशय घ्या

पहिल्या आणि शेवटच्या वर्षाची वजाबाकी म्हणजे आमदारकीची वर्षं नव्हेत. २०१९ मधून १९६२ गेले की ५७ येतात. पण तुकडे करून मोजा: १९६२ ते ७२ दहा वर्षं, १९७४ ते ९५ एकवीस, १९९९ ते २०१९ वीस. म्हणजे साधारण ५१. त्यातही १९८० च्या फेब्रुवारीत विधानसभा बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली आणि नवं सभागृह जूनमध्ये अस्तित्वात आलं, ते काही महिने कुणीच आमदार नव्हतं. "सलग पन्नास वर्षे" लिहिताना दोन पराभव पुसले जातात. १९२ मतांनी हरल्यावर माणूस १९९९ ला त्याच मतदारसंघातून पुन्हा निवडून येतो आणि पुढे आणखी तीनदा येतो. कारकिर्दीतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे, आणि "सलग" म्हटलं की नेमकी तीच हरवते.

देशातला विक्रम सांगताना तर आणखी जपा. केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून १३ वेळा जिंकले. त्यातली १९६५ ची निवडणूक अशी, की कुणालाच बहुमत नसल्याने ती विधानसभा भरलीच नाही. ती वगळली तरी बारा उरतात. केरळचेच ओमन चंडीही पुदुपल्लीतून १२ वेळा आले. तेव्हा गणपतरावांच्या नावापुढे "देशात सर्वाधिक वेळा" असं लिहिता येत नाही. "एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून ११ वेळा" हे बरोबर आहे, आणि तेवढंही मोठंच आहे. मणींच्या उदाहरणातून दुसरा धडा मिळतो: निवडून येणं आणि सभागृहात बसणं या वेगळ्या नोंदी आहेत, तक्त्यात त्या वेगळ्याच ठेवा.

मतांचा फरक वाचताना

२०१९ ला शहाजीबापू पाटलांना ९९,४६४ आणि अनिकेत देशमुखांना ९८,६९६ मतं मिळाली; फरक ७६८. हा फरक आणि १९९५ चा १९२ चा फरक शेजारी ठेवून "चौपट" म्हणणं चुकीचं, कारण मधल्या काळात मतदार वाढले. तुलना करायची तर फरक भागिले एकूण वैध मतं, गुणिले शंभर. छेदात मतदारयादीचा आकडा घेतला की टक्का भलताच कमी येतो. ही चूक फार वेळा दिसते. २०१४ पासून महाराष्ट्राच्या विधानसभा निकालात नोटाही ("यांपैकी कुणीही नाही" हा पर्याय) आहे. आयोगाच्या काही तक्त्यांत टक्केवारी नोटा धरून असते, काहींत धरत नाहीत. कुठली घेतली ते शेऱ्यात लिहा. अनामत ठरवताना नोटा धरत नाहीत: उमेदवारांना मिळालेल्या एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत, तर अनामत जप्त.

तिसऱ्या उमेदवाराचा रकाना का, तेही सांगोल्यातच दिसतं. २०२४ ला बाबासाहेब देशमुख २५,३८६ मतांनी निवडून आले. तिसऱ्या क्रमांकावरच्या शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) उमेदवाराची मतं ५० हजारांहून अधिक होती. हा आकडा सोडून त्या निकालाचं विश्लेषण करताच येत नाही.

गावनिहाय कल हवा असेल तर नमुना २० मिळवा. हे अंतिम निकालपत्रक मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघाच्या क्रमांकानुसार असतं. सांगोल्याचा क्रमांक २५३. प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ, प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना, टपाली मतं तळाशी वेगळी. पाने बहुधा स्कॅन केलेली असल्याने आकडे हाताने उतरवावे लागतात. प्रत्येक पानाची बेरीज लगेच ताडून पहा. शेवटी एकदम बेरीज केली तर चूक कोणत्या पानावर झाली ते कळत नाही. केंद्र क्रमांक दर निवडणुकीला बदलू शकतात, म्हणून दोन निवडणुकांची तुलना केंद्राच्या नावावरून करा.

मतदारसंघाची हद्दही तीच राहिली असं गृहीत धरू नका. महाराष्ट्रात जागा १९६२ ला २६४ होत्या, १९६७ ला २७०, १९७८ पासून २८८. शेवटची पुनर्रचना २००८ ची, २००९ च्या निवडणुकीपासून लागू झालेली. तिच्यानुसार सांगोला मतदारसंघात सांगोला तालुक्यासोबत पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ आहे. म्हणून "२००४ च्या तुलनेत मतं वाढली" लिहिण्याआधी हद्दीची नोंद शेऱ्यात हवी.

पक्ष: तिकिटाचा आणि सभागृहातला

गणपतरावांच्या बाबतीत हा रकाना सोपा आहे. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचा पाहा: शहाजीबापू १९९५ ला काँग्रेस, २०१९ ला शिवसेना, २०२४ लाही शिवसेना. शेवटच्या दोन ओळी सारख्या दिसतात, पण मध्ये २०२२ ची फूट आहे आणि आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिल्याचा निर्णय आहे. तक्त्यात तिकिटाचा पक्ष जसाच्या तसा ठेवा. पुढचं पक्षांतर किंवा गट तारखेसह शेऱ्यात. मागच्या ओळी आजच्या पक्षाच्या नावाने दुरुस्त करायच्या नाहीत.

मंत्रिपदं निवडणुकीच्या ओळीत कोंबू नका, त्यांची यादी वेगळी असू द्या. गणपतराव १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. पुलोद सरकार १९७८ च्या जुलैत आलं आणि १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं, म्हणजे मंत्रिपदाचा काळ आमदारकीच्या काळाशी जुळत नाही. विधान परिषदेची आमदारकी असेल तर तीही वेगळी: ७८ जागांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, ७ पदवीधर, ७ शिक्षक, १२ राज्यपालनियुक्त. कोणत्या वाटेने आले ते लिहाच, नुसतं "आमदार" पुरत नाही.

प्रतिज्ञापत्र आणि न्यायालय

मालमत्ता, गुन्हे, शिक्षण यांचं प्रतिज्ञापत्र म्हणजे नमुना २६. महाराष्ट्र विधानसभेसाठी ते २००४ पासूनच मिळेल. त्याआधीच्या उमेदवारांची अशी माहिती देणारा मजकूर दिसला तर आधार विचारा. दोन-तीन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं समोर ठेवून प्रत्येकातल्या वयावरून जन्मवर्ष काढून पाहा. न जुळल्यास एकच निवडून बाकीची लपवू नका, दोन्ही लिहा. मालमत्तेत स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची रक्कम वेगळ्या रकान्यांत असते. एका वर्षी स्वतःची आणि दुसऱ्या वर्षी कुटुंबाची घेऊन "वाढ" दाखवली जाते, तिथे फसू नका.

निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. तिचा निर्णय यायला वर्षं जातात, म्हणून अहवालात विजयी दिसणारी ओळ पुढे रद्द झालेली असू शकते. डॉ. रमेश प्रभू १९८७ च्या डिसेंबरात विलेपार्ल्याची पोटनिवडणूक जिंकले; मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ ला ती निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निर्णय कायम केला. अशा ओळीत निकाल "विजयी" असाच राहतो, आणि शेऱ्यात दोन्ही न्यायालयांच्या तारखा येतात. फार कमी मतांनी लागलेल्या प्रत्येक निकालासाठी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर दोन्ही उमेदवारांच्या नावांनी शोध घ्या, कारण याचिका बहुधा हरलेल्याच्या नावाने दाखल झालेली असते.