४११०३० या संख्येचे गुणधर्म कसे काढावेत

सदाशिव पेठेचा पिनकोड, ४११०३०, ही केवळ एक पूर्ण संख्या मानली तर तिचे गुणधर्म कागद-पेन्सिलीने काढता येतात. शेवटी शून्य असल्यामुळे प्रथम १० ने भागावे. उरलेल्या ४११०३ च्या अंकांची बेरीज ९ येते, म्हणून ९ ने भाग जातो आणि ४५६७ मिळतात, जी संख्या मुद्दाम रचल्यासारखी देखणी आहे.

खरे कष्ट इथेच आहेत. ४५६७ चे वर्गमूळ ६८ पेक्षा कमी असल्याने २ ते ६७ मधील मूळ संख्यांनीच भागून पाहावे. एकीनेही निःशेष भाग जात नाही, म्हणून ४५६७ स्वतःच मूळ संख्या ठरते. अर्थात ४११०३० = २ × ३² × ५ × ४५६७.

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केल्यास विभाजकांची संख्या मिळते: २ × ३ × २ × २ = २४. शिवाय ४११०३० ला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ९ ने, भाग जातो. अशा संख्यांना फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण ४५६७ ला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते आणि हा अवयव एकदाच येतो; असा मूळ अवयव विषम वेळा आला की तशी मांडणी शक्य नसते.