नारिंगी दिसली की ‘फ्लेव्हस’ लिहू नका

शेतातल्या मातीतून अफलाटॉक्सिन हे विष बनवणारी बुरशी वेगळी करताना पिवळट हिरवी वसाहत दिसली की बहुतेक नवशिके ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ लिहून मोकळे होतात. तिथेच अ‍ॅस्परजिलस नोमियस निसटते. १९८७ मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नोंदलेल्या या बुरशीचं नाव नोमिया या जमिनीत घरटं करणाऱ्या मधमाशीवरून आलं आहे.

१० ग्रॅम माती ९० मिली ०.१ टक्का पेप्टोनच्या पाण्यात हलवा, दहा-दहा पट पातळ करत जा आणि ०.१ मिली एएफपीए या बुरशी वाढवायच्या खास माध्यमावर पसरवा. यात लिटरला ०.५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट असतं. बुरशीचं अ‍ॅस्परजिलिक आम्ल त्यातल्या लोहाशी जुळतं आणि प्लेटची खालची बाजू नारिंगी होते. लिटरला २ मिलिग्रॅम डायक्लोरान हे बुरशीनाशक विसरलात तर रायझोपस ही झपाट्याने पसरणारी बुरशी सगळी प्लेट गिळते. ३० अंशांवर ठेवून ४२ ते ४८ तासांत वाचा. उशीर झाला की बाकीच्या बुरशी माजतात. नोमियसही नारिंगीच दिसते, म्हणून इथे थांबायचं नाही.

पुढची पेरणी कोरड्या सुईने करू नका. बीजाणू उडतात आणि प्लेटभर नको तिथे ठिपके उगवतात. ०.२ टक्के अगर आणि ०.०५ टक्के ट्वीन ८० (बीजाणू नीट भिजवणारं साबणासारखं रसायन) यांच्या पातळ मिश्रणात ते मिसळून तीन ठिकाणी टेकवा.

बुरशी विष बनवते का ते पाहायला आपलं खोबरंच कामी येतं. बिनसाखरेचा कीस गरम पाण्यात वाटून गाळा, सामू (पीएच) ७ करा, लिटरला २० ग्रॅम अगर घाला. काही दिवसांनी ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली वसाहतीभोवती चकाकी पाहा, पण बुरशी न लावलेली प्लेट शेजारी हवीच. खोबरंही थोडं चमकतं. चकाकी हे फक्त सूचन. अफलाटॉक्सिनचे बी आणि जी गट टीएलसीवर, म्हणजे पातळ थरावर घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीने, प्रमाणित नमुन्यांशेजारी ठरवा. फ्लेव्हस सहसा फक्त बी गट बनवते. बी आणि जी दोन्ही असतील तर प्रश्न बहुधा पॅरासिटिकस (याच गटातली आणखी एक प्रजाती) की नोमियस असा उरतो. पॅरासिटिकसचे बीजाणू ठळक खडबडीत असतात. नोमियसचे स्क्लेरोशिया (बुरशीच्या धाग्यांच्या कडक गाठी) लांबट, बंदुकीच्या गोळीसारखे, फ्लेव्हसचे गोल. स्क्लेरोशिया आलेच नाहीत तर कॅल्मोड्युलिन जनुकाचा डीएनए क्रम वाचून घ्या, नुसत्या आयटीएस या नेहमीच्या डीएनए पट्ट्यावर निकाल देऊ नका.

ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने) बुरशी मरते, विष पुरतं जात नाही. टीएलसीची भांडी धुण्याआधी हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. आणि प्लेट उघडून वास घ्यायची सवय असेल तर आजच मोडा.