संवाद कानाने तपासा

एकांकिकेचा पहिला खर्डा झाला की मी तो चार दिवस कपाटात टाकतो. मग मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचतो. माझं एक फुलस्केप पान साधारण दोन मिनिटं खातं. तुमचं तुम्ही मोजा. जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने फुली. बहुतेकदा तिथे एखादं 'परंतु' सापडतं. घरात भांडताना 'परंतु' कोण म्हणतं?

एसटीत खिडकीचा मोह सोडून मधली सीट धरा, दोन्हीकडचं ऐकू येतं. परवा स्वारगेटला एक आजी नातवाला म्हणाली, "जा की, मी कुठं धरलंय?" आणि त्याची बाही मुठीत घट्ट. वाक्यासोबत ती मूठही टिपून ठेवा. कंसातल्या सूचना मात्र मोजक्याच; दिग्दर्शक आधी त्याच खोडतो.