घंटागाडीवाला कचरा घेत नाही? या चुका टाळा

तालुक्याच्या गावी नगर पंचायत झाली, घंटागाडी आली, आणि गल्लीत रोजचं भांडण पण आलं. टॅक्स भरतो ना, मग कचरा काहून नेत नाही? बरोबर आहे, पण टॅक्स भरला म्हणजे गाडीत काहीबी कोंबता येते असं नाही. गाडी घरच्या रोजच्या कचऱ्यासाठी राहते, तोही वेगळा केलेला, बाकी मालाचा रस्ता वेगळा आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काळी पन्नी. भाजीची देठं, फुटका ग्लास, बाळाचं डायपर, सगळं एकाच पन्नीत कोंबून वरून गाठ मारली की झालं. ती गाठ कचरा डेपोवर कोणीतरी माणूस हातानं सोडते, आणि ग्लास त्याच्याच हातात घुसते. ओल्या कचऱ्याचं खत होते, त्यात काच न पन्नी गेली तर ते खत वावरात कोण टाकन? आपल्या राज्यात अशा खताला 'हरित महासिटी कंपोस्ट' हा ब्रँड आहे, पण तपासणीत माल चांगला निघाला तरच मिळते. म्हणून ओलं पन्नीत बांधूच नका, डबा सरळ गाडीत पालथा करा. दसऱ्याच्या झेंडूच्या माळा टाकताना दोरा ओढून काढा. आणि दुधाचं पाकीट फोडताना कोपरा पूर्ण कापून नका टाकू, तो इवलासा तुकडा कोणीच वेचत नाही, नालीत जाऊन बसते, कोपरा लटकू द्या.

आता घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या जागी नवीन आले, १ एप्रिल २०२६ पासून कचऱ्याचे चार भाग: ओला, सुका, सॅनिटरी आणि स्पेशल केअर. पॅड, डायपर पेपरात गुंडाळून वेगळं द्यायचं. एक्स्पायरी झालेल्या गोळ्या, बल्ब, पेंटचे डबे, पाऱ्याचं थर्मामीटर हे चौथ्यात. घरी कोणाला शुगर असन आणि इन्सुलिन चालू असन तर सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून द्या, सुट्या नाही. चुलीची राख गरम असताना तर गाडीत बिलकुल नको, उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकते, त्यात वरून निखारा म्हणजे डेपो पेटलाच समजा.

आता फवारणीचे डबे, आपल्या भागातली खरी डोकेदुखी हीच आहे. कपाशीवर फवारणी झाली की रिकामे डबे एकतर धुऱ्यावर पडून राहते नाहीतर घरच्या सुक्या कचऱ्यात येते, आणि काही घरी तर धुऊन त्यात चक्क पाणी न रॉकेल भरते. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तरी हे सुरूच आहे बाप्पा! डबा रिकामा झाला की तीनदा खंगाळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, म्हणजे औषध वाया जात नाही आणि नाल्यात पण जात नाही. मग डब्याला भोक पाडा, चेंदा करा, कोणाच्या कामाचा राहायला नको. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलं आहे. विहिरीजवळ नाही, आणि जाळायचे तर नाहीच, तो धूर विषारी राहते. कबाडीला पण देऊ नका, तो कुठं विकन याचा नेम नाही.

दुकानवाल्यांची चूक वेगळी. घरच्या गाडीत दुकानाचा माल खपवायला पाहते. किराण्याचे खोके ठीक आहे, दाबून द्या. पण चिकन सेंटरची पिसं न आतडी, गॅरेजचं काळं ऑइल, दवाखान्याच्या सिरिंजा हे यात येतच नाही. दवाखान्याच्या कचऱ्याची गाडी वेगळी राहते आणि तो ४८ तासांच्या वर साठवायचा नाही असा नियम आहे. चिकनवाल्यांनी नगर पंचायतीत बोलून स्वतंत्र उचल ठरवून घ्यावी, नाहीतर रात्री नालीत टाकते आणि सकाळी मोहल्ल्यातले कुत्रे ते घरोघरी पोचवून देते. रोज १०० किलोच्या वर कचरा निघते त्यांची तर जबाबदारीच वेगळी. लग्नाचं पण तसंच, मांडव टाकून शंभराच्या वर पंगत बसवायची तर तीन कामाचे दिवस आधी कळवा, हे २०१६ च्याच नियमात होतं पण कोणी वाचलंच नाही! थर्माकोलच्या प्लेटा तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहे, पळसाच्या पत्रावळी घ्या, त्या ओल्यात जाते.

घर पाडलं, बाथरूम फोडलं, तर तो मलबा गाडीत नाही, पैसे भरून ट्रॅक्टर लावावा लागते, किंवा मुरमासारखा भरावात वापरा. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदार परत घेते आणि नवीनवर पैसे पण कमी करते. जुना टीव्ही, मोबाईल इ-कचऱ्याच्या केंद्रावर. कबाडीला दिला की तो तांब्यासाठी वायर जाळते.

ग्रामपंचायतीच्या गावात गाडी रोज नसन येत, मग ओलं घरच्या उकिरड्यात, शेणात मिसळून, पण पन्नी वेचून! ढोराच्या पोटात जाते ती.

एवढं करूनही कचरा नाकारला तर भांडायच्या आधी कामगाराला विचारा, यातली नेमकी कोणती वस्तू नको? एक काढून टाकली की बहुतेक वेळा घेऊनच घेते. वेगळा करून दिलेला कचरा पण नाकारत असन तर डब्याचा फोटो काढा आणि तारीख टाकून मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका.